अठरा-आठचा पंखा

किशोर गावंड्यांना इंजिनातलं सगळं कळतं, ही बातमी अमरावतीत एकाच माणसाने पसरवली होती आणि तो माणूस म्हणजे खुद्द किशोर गावंडे. बडनेरा रोडवर त्यांचं कृषी सेवा केंद्र होतं. तिथे बियाणं, खतं, कीटकनाशकं आणि पाठीवर घ्यायचे पेट्रोलवरचे फवारणी पंप मिळत. फवारणी पंपाला टू-स्ट्रोक इंजिन असतं आणि रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानालाही टू-स्ट्रोक इंजिन असतं, तेव्हा आपण विमानविद्येत पारंगत आहोत, असा त्यांचा सरळ हिशोब होता. पंप बिघडला की ते स्वतः तो कधी उघडत नसत, कंपनीच्या माणसाला फोन लावत. पण त्यामुळे त्यांचं बोलायचं काही अडत नव्हतं.

त्यांची बायको साधना हे बोलणं एकोणीस वर्षं ऐकत आली होती. पहिली दोन वर्षं तिने कौतुकाने ऐकलं, पुढची तीन-चार दम धरून. त्यानंतर मात्र तिच्या मनात नवऱ्याबद्दल जी शुद्ध तुच्छता साठली, ती तिने नीट जपून ठेवली. उघड कधी दाखवली नाही. जेवताना भाजी अळणी लागली तर माणूस गुपचूप वरून मीठ घेतो, तशी ती नवऱ्याच्या प्रत्येक वाक्यावर चिमूटभर तुच्छता टाकून घ्यायची. मग ते वाक्य घशाखाली उतरायचं.

विमानांचा नाद किशोररावांचाच. साडेपाच फूट लांब पंखांचं, पिवळ्या-निळ्या रंगाचं, वीस सीसी इंजिनाचं विमान त्यांनी घेतलं ते पाचवं. हे कसरतीचं विमान होतं. हवेत कोलांट्या घेणारं, पोट वर करून उडणारं, नाक आभाळाकडे करून उभं चढणारं. आधीची चारही त्यांनी स्वतःच्या हाताने मातीत घातली होती. एक तुरीच्या वावरात, एक पाण्याच्या टाकीवर, एक बाभळीत. चौथं तर त्यांनी आपल्याच गाडीच्या बोनेटवर आणून आपटलं आणि वाऱ्याला शिव्या दिल्या. त्या दिवशी वारा नव्हता.

साधना उडवायला शिकली ती लॉकडाऊनमध्ये. दुकान दुपारी बंद, दुकानातला काँप्युटर रिकामा. त्याच्यावर विमान उडवायचा सराव करता येतो हे किशोररावांनीच तिला दाखवलं, तीन मिनिटांत दोनदा विमान पाडलं आणि काँप्युटर स्लो आहे म्हणून उठून गेले. ती बसली. रोज दोन तास, दोन वर्षं बसली. मग खऱ्या विमानाला हात लावला तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं, कारण तिचे हात थरथरतच नव्हते. विमान समोरून आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं आणि भलेभले तिथे गडबडतात. साधनाला तिथे विचारसुद्धा करावा लागत नसे.

अकोल्याला दर वर्षी मे महिन्यात एक मेळावा भरायचा. मागच्या दोन्ही वर्षी तिथे विमान उडवलं साधनाने आणि प्रमाणपत्र छापून आलं ‘श्री. किशोर गावंडे, अमरावती’ या नावाने, कारण फॉर्म त्यांनी भरला होता. दोन्ही प्रमाणपत्रं दुकानात गल्ल्याच्या मागे फ्रेम करून लावली होती. कोणी शेतकऱ्याने विचारलं तर किशोरराव सांगत, “कसं हाय, भाऊ, पायलट म्हणजे ड्रायव्हर. असे ड्रायव्हर पैशाले पासरी भेटतात. खरं काम इंजिनाचं.” आणि हे साधनाच्या देखत, तिने आणलेला चहा पीत.

यंदा मात्र ती अडून बसली. फॉर्मवर पायलट म्हणून तिचं नाव पाहिजे, नाहीतर ती विमानाला हात लावणार नाही. किशोरराव आठ दिवस फुरंगटून बसले. पण सहावं विमान घ्यायची त्यांची ऐपत नव्हती आणि पाचवं आपल्या हाताने उडवायची हिंमतही नव्हती. शेवटी ते मोठ्या मनाचा आव आणून म्हणाले, “ठीक हाय. पायलट तू, पंखा माहा. पंख्याच्या बाबतीत एक शब्द बोलाचा नाई.”

“नाई बोलत,” साधना म्हणाली.

फॉर्मवर तिने स्वतः लिहिलं : साधना किशोर गावंडे. लिहून झाल्यावर तो कागद तिने दोनदा वाचला. तिला एवढंच हवं होतं. एकदा, सगळ्यांच्या देखत, आपल्या नावाने मेळाव्यात ठरवून दिलेल्या अकराच्या अकरा कसरती पूर्ण करून विमान खाली आणायचं. बक्षीस मिळालं काय, न मिळालं काय, तिला त्याचं काही नव्हतं.

पंखा म्हणजे विमानाच्या नाकावरचा प्रोपेलर. त्याच्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा म्हणजे पंखा या टोकापासून त्या टोकापर्यंत किती इंच. दुसरा आकडा म्हणजे एका फेऱ्यात तो हवा कापत किती इंच पुढे सरकेल तो, लाकडात स्क्रू सरकतो तसा. दोन्ही आकडे वाढवत गेलं की इंजिनावर भार वाढत जातो. कसरतीच्या विमानाला जरा लांब पण कमी पिळाचा, म्हणजे दुसरा आकडा लहान असलेला पंखा बरा पडतो. चढताना ओढ मिळते आणि नाक खाली केल्यावर तोच ब्रेकसारखा काम करतो. हे साधनाने वाचून, पाहून, उडवून समजून घेतलं होतं. किशोररावांनी ते समजून घेतलं नव्हतं, कारण त्यांना ते आधीपासूनच माहीत होतं.

एप्रिलच्या शेवटी एका पहाटे साडेपाचला दुकानाच्या गोदामामागे त्यांनी पंख्याची निवड केली. वऱ्हाडात उन्हाळ्यात जी काही कामं करायची ती आठच्या आत. पापड-कुरड्या आठच्या आत, वावरातलं काम आठच्या आत, भांडणंसुद्धा आठच्या आत. त्यामुळे विमानाचं इंजिन लावायचं, म्हणजे चालवून जुळवून घ्यायचं, ते पहाटेच्या गारव्यात, यात कोणालाही काही चूक वाटत नसे. किशोररावांनी विमानाच्या शेपटीला दोरी बांधली, दोरीला संत्र्याचे कॅरेट तोलायचा लटकता काटा अडकवला आणि काटा कडुनिंबाच्या बुंध्याला बांधला. मग एकेक पंखा चढवून इंजिन फुल सोडायचं आणि काटा किती किलो ओढ दाखवतो ते साधनाने मोठ्याने वाचायचं. जणू विमान उडायला नाही, बैलासारखं गाडा ओढायला निघालं होतं.

“सोळा-आठ?”

“सात किलो.”

“सतरा-सहा?”

“साडेसात.”

“आता पाह्य,” असं म्हणून त्यांनी पिशवीतून अठरा-आठचा पंखा काढला. हा भला मोठा, काळा, दाखवायला झोकदार. इंजिन घरघरलं, आवाज जड झाला, काटा पावणेआठवर जाऊन थरथरला. जेमतेम अर्धा मिनिट. किशोररावांनी इंजिन बंद केलं आणि लढाई जिंकल्यासारखे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. “झालं. अठरा-आठ फायनल.”

“एकदा दुपारी लावून पाहाचं का?” साधना म्हणाली. म्हणजे तिने कबूल केलेला शब्द मोडला.

“दुपारी? भैताडासारखं बोलू नको. मे महिन्यात दुपारी कावळे उडत नाई, अन् विमान उडवून राहिली ही. पत्रिकेवर काय लिव्हलं हाय? सकाळी सात.”

पत्रिकेवर सकाळी सात लिहिलेलं होतं, हे खरं होतं. मागच्या सात वर्षांच्या सातही पत्रिकांवर तेच लिहिलं होतं. आणि सातही वर्षं दीपप्रज्वलन करणारे पाहुणे अकरानंतर आले होते, कारण पाहुण्यांशिवाय विमान उडालं तर ते उडालं असं अकोल्यात कोणी मानत नसे. सात वर्षं साधना त्या मांडवात बसून घाम पुसत होती. किशोररावही तिथेच होते. पण ज्या वेळी काही घडत असे त्या वेळी ते बोलत असत, त्यामुळे त्यांच्या काही लक्षात राहत नसे. तिने पुढे वाद घातला नाही. इतक्या मूर्ख माणसाला शहाणं करण्यात आपली ताकद का घालवावी, असं तिला मनापासून वाटलं, आणि तसं वाटताना बरंही वाटलं.

सतरा-सहाचा तो पंखा तिला तनवीरने दिला होता. अकोल्यात तनवीरचं कूलर बनवायचं दुकान होतं. त्याचे वडील जैनुद्दीनभाई पत्र्याचे कूलर ठोकत, तनवीर आता फायबरचे करायचा. विमानंही उडवायचा आणि मेळाव्यात विमानं तपासायचं काम त्याच्याकडेच असायचं. किशोरराव त्याला तोंडावर ‘तनवीरसेठ’ म्हणत आणि पाठीमागे ‘थो कूलरवाला’. मार्चमध्ये तो अमरावतीला कूलर पोचवायला आला, तेव्हा किशोरराव बाहेर गेले होते. त्याने विमान पाहिलं, टेबलावरचा अठरा-आठ उचलून पाहिला आणि हसला.

“ताई, हे कोनं आनलं?”

“आमच्या घरी इंजिनाचे तज्ज्ञ हायेत नं,” साधना म्हणाली.

“कूलरमंदी मोठा पंखा लावला तं हवा ज्यादा येते असं लोकायले वाटते. हवा नाई येत, मोटर जळते. दर साली कितीक मोटरी येतात माह्याकडे जळेल. इंजिनाचंबी तेच. ठंडा असला तं ओढते, अन् गरम झाला का बसते.” मग त्याने गाडीतून लाकडी सतरा-सहा आणून दिला. दोन्ही पाती सारख्या वजनाची व्हावीत म्हणून त्याने तो स्वतः घासून तोललेला होता.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, किशोरराव घरी कूलरपुढे घोरत पडलेले असताना, साधना स्कूटी काढून गोदामावर जायची. ऊन असं की हँडलला हात लावता येत नव्हता. तिने डोक्याला ओढणी बांधून, विमान कडुनिंबाला बांधून दुपारी साडेबाराला इंजिन लावलं. अठरा-आठवर ते चार मिनिटं दहा सेकंदांनी बसलं. दुसऱ्या दिवशी चार मिनिटांनी. तिसऱ्या दिवशी चार-वीस. सतरा-सहावर ते आठ मिनिटं चाललं आणि तिने बंद केलं म्हणून बंद झालं. अकरा कसरतींना साडेसहा-सात मिनिटं लागत. म्हणजे उत्तर तिच्या हातात होतं.

आता हे उत्तर नवऱ्याला दाखवायचं, की न विचारता-सवरता गुपचूप पंखा बदलून टाकायचा, एवढाच प्रश्न होता. तिने दोन्ही केलं नाही. कणीक मळता मळता तिला एक तिसरी गोष्ट सुचली आणि ती इतकी गोड होती की तिचे हात परातीत थांबले.

मेळाव्यात प्रत्येकाला दोन फेऱ्या मिळायच्या आणि दोन्हींतली चांगली धरली जायची. पहिल्या फेरीला अठरा-आठच ठेवायचा. भर दुपारी, सगळ्या मैदानासमोर इंजिन बसेल. किशोरराव माईकवर असतील, कारण माईक दिसला की ते त्याच्याकडे माशीसारखे जातात. आपल्याच पंख्याचं कौतुक करता करता त्यांना आपलंच इंजिन बंद पडताना पाहावं लागेल. मग दुसऱ्या फेरीला ती सगळ्यांच्या देखत पाना घेऊन सतरा-सहा चढवेल आणि अकरा कसरती करून विमान खाली आणेल. तिला बोलायची गरजच पडणार नाही. एकोणीस वर्षांत तिने इतकी सुंदर योजना कधी केली नव्हती. रात्री जेवायला वाढताना ती नवऱ्याकडे पाहून हसली, आणि त्यांना वाटलं आमरस चांगला झाला म्हणून हसतेय.

मेळाव्याच्या दिवशी पहाटे साडेचारला ते निघाले आणि साडेसहाला अकोल्याबाहेरच्या मैदानावर पोचले. प्लॉट पाडून रिकाम्या पडलेल्या एका लेआउटवर मुरूम दाबून धावपट्टी केली होती. शेजारी मांडव, मांडवात खुर्च्या, पलीकडे रोडगे भाजायला शेणाच्या गोवऱ्यांची रास. अमरावती, अकोला, यवतमाळ मिळून चौदा विमानं होती. सात वाजले, आठ वाजले. पाहुणे निघाले असं कळलं. नऊ वाजता पाहुणे निघालेच आहेत असं कळलं. लोकांनी पहाटेच्या हिशोबाने लावून आणलेली इंजिनं मांडवाच्या सावलीत रांगेने पडून होती आणि त्यांचे मालक टोप्यांनी वारा घेत होते. यांतल्या एकाच्याही डोक्यात येत नव्हतं, की ज्या हवेत इंजिन लावलं ती हवा केव्हाच संपली. साधनाला त्या सगळ्यांचीच कीव आली. सगळे सारखेच, फक्त तिच्या वाट्याला आलेला जरा जास्त बोलत होता.

पाहुणे सव्वाअकराला आले. मग दिवा, मग शाली, मग नारळ, मग पाहुण्यांनी आपल्या लहानपणीच्या कागदी विमानाची आठवण सांगितली. पहिलं विमान उडालं तेव्हा बारा वाजायला आले होते. आणि साधनाने मनात मांडलं होतं तसंच किशोररावांनी माईक पकडला.

“राजेहो, पंख्याची निवड म्हणजे पोरगी पाह्यन्यासारखं हाय. घाई करून जमत नाई,” ते सांगत होते. लोक हसत होते. “आमच्या विमानाले अठरा-आठ लावला हाय. काट्यावर तोलून लावला. सिलेक्शन माहं. पायलट आमच्या मिसेस हायेत, त्याईले फक्त उडवाचं हाय.”

दीड वाजायला पाच मिनिटं असताना तनवीर हातात कागद घेऊन साधनाच्या विमानापाशी तपासणीला आला. त्याने नट हलवून पाहिला, शेपटी पाहिली आणि मग पंख्यावरचे आकडे पाहिले.

“ताई, हे काय? म्या देल्ला थो कुठे हाय?”

“पेटीत हाय.”

“मंग लावा नं. पाच मिनिटाचं काम हाय. थांबतो मी.” त्याने मांडवाकडे पाहिलं. “भाऊ तं तिकडेच हायेत. पायतबी नाई.”

खरंच कोणी पाहत नव्हतं. पेटी तिच्या पायाशी होती आणि पाना वरच ठेवलेला होता. माईकवरून आवाज आला, “अठरा-आठची ओढ पाहा फक्त, राजेहो, रॉकेटसारखं जाते का नाई!” तेवढं ऐकलं आणि तिला मोह आवरला नाही.

“राहू द्या, तनवीरभाई,” ती म्हणाली. “पह्यल्या फेरीले हाच. दुसऱ्या फेरीले बदलतो.”

तनवीरने एकदा पेटीकडे पाहिलं. मग त्याने कागदावर बरोबरची खूण केली.

विमान सुटलं. पहिल्या वळणातच तिला जाणवलं की इंजिन जड जातंय, पण हात शांत होते. कोलांटी गोल आली. पोट वर करून धावपट्टीवरून सरळ नेलं तेव्हा मांडवातले लोक उठून पुढे आले. तिसरी, चौथी, पाचवी. यवतमाळचा एक म्हातारा पायलट मोठ्याने म्हणाला, “वा बाई!” आणि तेवढ्यापुरतं साधना सगळं विसरली. नवरा विसरली, योजना विसरली. तिला फक्त ते पिवळं-निळं विमान दिसत होतं आणि ते अगदी तिच्या मनासारखं चाललं होतं. इतकं चांगलं ती याआधी कधीच उडवू शकली नव्हती. हे असंच अकराव्यापर्यंत न्यावं, असं तिला फार वाटलं. तिने इंजिनाचा आवाज ऐकला. तो उतरत चालला होता. तिने जमेल तिथे वेग कमी करून इंजिनाला दम खाऊ दिला, वळणं रुंद घेतली, मनात विनवण्यासुद्धा केल्या.

सहावी कसरत उभी चढाई होती. तिथे इंजिन फुल सोडण्यावाचून इलाज नव्हता. विमान नाक वर करून चढलं, अर्ध्यावर गेलं आणि आवाज बंद झाला. चार मिनिटं आणि काही सेकंद झाले होते.

एवढ्या उंचीवर बंद पडलेलं विमान दगडासारखं येतं. तिने नाक खाली पाडलं, वेग धरू दिला, एक लांब वळण घेतलं आणि इंजिनाशिवाय ते धावपट्टीवर असं टेकवलं की मुरुमाची धूळसुद्धा फारशी उडाली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती वळून मांडवाकडे पाहू लागली. याच घडीसाठी तिने पंधरा दिवस वाट पाहिली होती. किशोररावांचा चेहरा पडलेला तिला पाहायचा होता.

चेहरा पडलेला नव्हता. “काही नाई, काही नाई, राजेहो!” ते माईकवर सांगत होते. “इंजिन एक नंबर हाय. वरतं जाताना पायलटनं थ्रॉटल कमी केला, का मंग बंद पडनारच नं. लेडीज हायेत, घाबरल्या असतीन. पन उतरोलं चांगलं. टाळ्या!”

आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. साधनाने शांतपणे विमान उचलून आणलं. बोल म्हणावं, तिने मनात म्हटलं, अजून तासभर बोल. तिने पेटी उघडली, पाना घेतला. नट इतका तापला होता की ओढणीचं टोक धरून फिरवावा लागला. अठरा-आठ काढून तिने मातीत टाकला. सतरा-सहा चढवला, घट्ट आवळला, बोटाने फिरवून पाहिला. तो हलका फिरला.

तेवढ्यात माईक किशोररावांच्या हातून आयोजकांनी घेतला. पाहुण्यांना यायला थोडा उशीर झाल्यामुळे आणि ऊन वाढल्यामुळे, सर्वांच्या सोयीसाठी यंदा दुसरी फेरी होणार नाही. पहिल्या फेरीचेच गुण धरले जातील. उरलेली तीन विमानं झाली की रोडगे तयार आहेत, सर्वांनी पंगतीला बसावं.

साधनाच्या हातात पाना तसाच राहिला. सात वर्षं पाहुणे उशिरा येतात हे या मैदानावर फक्त तिने लक्षात ठेवलं होतं. त्या उशिराने हवा तापते हेही तिनेच मोजलं होतं. उशीर झाला तर वेळ कमी पडतो, हे एवढंसं मात्र तिला सुचलं नव्हतं. नवऱ्याचं तोंड पाहायच्या नादात तिने घड्याळच पाहिलं नव्हतं. तिला आता त्या माणसाचा राग येत नव्हता. स्वतःची इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तनवीर गुणांचा कागद सहीला घेऊन आला. त्याने चढवलेला सतरा-सहा पाहिला, मातीतला अठरा-आठ पाहिला.

“ताई, तुमाले माईत होतं नं बंद पडनार म्हनून?”

“हाव.”

“मंग काहून?”

साधनाने मातीतला अठरा-आठ उचलून पेटीत टाकला. त्याने पेन पुढे केलं. कागदावर टाइप केलेलं होतं : पायलट साधना किशोर गावंडे, अमरावती. पाच कसरती पूर्ण. सहावी अपूर्ण. पुढच्या पाच रकान्यांत आडव्या रेघा होत्या. तिने सही केली.

किशोरराव कपाळाचा घाम पुसत आले. ते खुशीत होते. पाहुण्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला होता. त्यांनी विमानाकडे पाहिलं, पण पंखा बदललेला त्यांच्या लक्षात आला नाही.

“जाऊ दे, मनाले लावून नको घेऊ,” ते म्हणाले. आवाज खरोखरच प्रेमळ होता. “चार लोकायपुढे नाव लागलं का माणसाले टेन्शन येतेच. पुढच्या वर्षी फॉर्म माह्याच नावानं भरू. तू आरामात उडवजो. ठीक हाय नं?”

साधनाने त्यांच्याकडे पाहिलं. आज त्या वाक्यावर वरून टाकायला तिला चिमूटभर तुच्छताही सापडली नाही.

“हाव,” ती म्हणाली, आणि विमान उचलून गाडीकडे निघाली.